केंड माशाची दोन छायाचित्रे

आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकांच्या कपाटाशेजारी एक छायाचित्र कित्येक वर्षे टांगलेले आहे. अनेक माजी विद्यार्थ्यांना ते आठवत असेल. हिरवट पाण्यात एका माणसाची ओंजळ, आणि त्या ओंजळीत चेंडूसारखा टम्म फुगलेला एक मासा. वाटोळे डोळे, इवलेसे तोंड, ताणून पांढरे पडलेले पोट. कोकणच्या किनाऱ्यावर या माशाला केंड म्हणतात. आपल्या मुलांनी मात्र त्याचे नाव ‘चेंडूमासा’ ठेवले होते. हे छायाचित्र मी स्वतः घेतलेले असल्यामुळे मला त्याचा अभिमान होता. कोकणच्या एका सहलीत, उसना आणलेला जलरोधक कॅमेरा घेऊन, छातीएवढ्या पाण्यात मी ते टिपले होते.

काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातील एका मुलीने त्या छायाचित्रासमोर उभे राहून मला विचारले, “सर, हा मासा नेहमी असाच असतो का?” मी म्हणालो, “नाही, घाबरला की तो पाणी पिऊन फुगतो.” ती थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “मग इथे तो कोणाला घाबरला आहे?”

या प्रश्नाचे खरे उत्तर एका शब्दाचे होते, आणि ते मला त्या क्षणी देता आले नाही. पाण्याखालील छायाचित्रण आणि समुद्रजीवांचे वर्तन यांविषयी पुढे मी जे वाचले आणि पाहिले, ते या एका प्रश्नामुळे. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यातील काही भाग माजी विद्यार्थी, पालक आणि हितचिंतक यांच्यासमोर ठेवीत आहे.

घाटमाथ्यावरून समुद्राकडे

भुशीच्या शाळेत समुद्राचा विषय कशाला, असे कोणी विचारील. आपल्या मुलांचा पाण्याशी संबंध येतो तो मुख्यतः पावसाळ्यात. धरणाच्या पायऱ्यांवरून फेसाळत उतरणारे पाणी, ते पाहायला लोटणारी गर्दी, आणि जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात कानी येणाऱ्या दुर्घटना. त्यामुळे पाणी म्हणजे दुरून पाहायची, जपून राहायची गोष्ट, हे आपल्या मुलांच्या मनावर पहिल्या वर्षापासून बिंबवावे लागते, आणि ते योग्यच आहे. परंतु केवळ भीतीने पाहिलेले पाणी कळत नाही.

शिवाय समुद्र आपल्यापासून फार दूर नाही. सरळ रेषेत मोजले तर अरबी समुद्र येथून जेमतेम पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी भुशी धरणातून पूर्वेकडे निघते, तुळापूरला भीमेस मिळते आणि कृष्णेच्या प्रवाहातून बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. त्याच ढगाचे काही थेंब घाटाच्या पश्चिम उतारावर पडले तर ते उल्हास नदीच्या वाटेने अरबी समुद्रास मिळतात. एका कड्यावरून दोन समुद्रांच्या वाटा फुटतात, असे हे ठिकाण आहे. चैत्रात कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या यात्रेला किनाऱ्यावरचे कोळी बांधव हजारोंच्या संख्येने येतात, तेव्हा तर समुद्रच मावळात पाहुणा येतो.

वर्तनाचे म्हणाल, तर आपल्या ओढ्यांतही ते दिसते. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मासे प्रवाहाच्या उलट दिशेने, दगडांवरून उड्या घेत वर चढू लागतात. मावळातील आणि कोकणातील लोक त्यांना चढणीचे मासे म्हणून ओळखतात. अंडी घालण्यासाठी उथळ, ताज्या पाण्याकडे निघालेले हे मासे आपण पिढ्यान् पिढ्या पाहत आलो. मात्र बहुतेक वेळा हातात जाळे किंवा टोपली घेऊन. हातात काही न घेता ते पाहणारे थोडेच.

पाणी प्रकाशाचे काय करते

पाण्याखाली छायाचित्र घेणे अवघड का, हे समजण्यास शालेय पुस्तकातील प्रकाशाचे पाठ पुरेसे आहेत.

पहिली अडचण रंगाची. सूर्यप्रकाशातील सगळे रंग पाण्यात सारख्याच खोलीपर्यंत पोहोचत नाहीत. तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो; चार-पाच मीटर खोलीवरच तो बराचसा नाहीसा होतो. त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. निळा सर्वांत खोल जातो, म्हणून खोल पाण्यात सारे जग निळसर दिसते. वीस मीटरवर पाणबुड्याचे बोट कापले तर रक्त लाल दिसत नाही. हिरवट, काळपट दिसते. तेथील प्रवाळावर लाल रंग नसतो असे नव्हे. तो दाखवील असा प्रकाश तेथवर पोहोचलेला नसतो, एवढेच. दिवा नेला की तोच दगड शेंदरी होऊन उठतो.

दुसरी अडचण अपवर्तनाची. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आहे. डोळ्यांवरच्या मुखवट्यातील हवेतून आपण पाण्यात पाहतो, तेव्हा वस्तू असते त्याहून सुमारे पाव अंतराने जवळ आणि सुमारे एकतृतीयांशाने मोठी भासते. नवखा माणूस हात पुढे करतो आणि मासा हाताच्या पलीकडेच राहतो. आपण पाहिलेला मासा ‘केवढा मोठा’ होता, हे सांगताना पाणबुडे अतिशयोक्ती करतात. त्यात थोडा दोष या नियमाचाही असतो.

तिसरी अडचण गाळाची. समुद्राच्या पाण्यात मातीचे कण, सूक्ष्म जीव आणि कुजलेल्या वनस्पतींचे अवशेष तरंगत असतात. कॅमेऱ्यावरचाच दिवा समोर लखकन चमकवला तर हे सारे कण उजळतात आणि माशाऐवजी पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडलेला दिसतो. म्हणून जाणकार छायाचित्रकार दिवा कॅमेऱ्यापासून दूर, लांब दांड्यावर, बाजूला बसवतात. रात्री धुक्यात मोटारीचा मोठा दिवा लावला की रस्ता दिसण्याऐवजी पांढरी भिंत उभी राहते, हे खंडाळ्याच्या घाटातून प्रवास करणाऱ्यांना ठाऊक आहेच.

या तिन्ही अडचणींवर उपाय एकच : कॅमेरा आणि मासा यांच्यामध्ये पाणी कमीत कमी असले पाहिजे. म्हणजे जवळ जाणे आले. आणि खरा प्रश्न येथेच सुरू होतो. जवळ जायचे, पण समोरच्याने पळू नये. त्याला घेरून, कोपऱ्यात गाठून जवळ जाता येते. किंवा आपण स्थिर राहून त्यालाच जवळ येऊ देता येते. पहिला मार्ग मिनिटभराचा, दुसरा कित्येक तासांचा किंवा दिवसांचा.

दीडशे वर्षांची धडपड

पाण्याखाली पाहण्याची माणसाची इच्छा कॅमेऱ्याइतकीच जुनी आहे. १८५६ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ येथे विल्यम थॉम्प्सन यांनी कॅमेरा एका पेटीत बंद करून दोरीने समुद्रात सोडला. पेटीत पाणी शिरले, चित्र अस्पष्ट आले. तरी तळावरचे दगड आणि शेवाळ कागदावर उमटले. १८९३ मध्ये फ्रान्समधील बान्यूल येथे लुई बुतां या प्राणिशास्त्रज्ञाने पाणबुड्याचा जड पोशाख चढवून स्वतः तळाशी जाऊन छायाचित्रे घेतली. त्यांचा कॅमेरा त्यांच्या भावाने तयार केला होता. त्या काळी एका चित्रासाठी अर्धा अर्धा तास प्रकाश द्यावा लागे. इतका वेळ स्थिर राहणारे समुद्रात काय असणार? दगड, शेवाळ आणि खुद्द पाणबुड्या.

१९२६ मध्ये फ्लोरिडाच्या टोकाशी असलेल्या ड्राय टोर्टुगाज बेटांजवळ विल्यम लाँग्ली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली. ती पुढील वर्षी ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात छापून आली. पाण्यावर तराफा ठेवून त्यावर मॅग्नेशियमची भुकटी पेटवायची आणि त्या स्फोटाच्या उजेडात खालचा मासा टिपायचा, अशी त्यांची रीत होती. रंग मिळाला, पण त्या स्फोटानंतर आसपासचे मासे निवांत राहिले असतील असे म्हणवत नाही.

खरा बदल १९४३ मध्ये झाला. जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासागणिक हवा पुरवणारे उपकरण सिद्ध केले, आणि पाणबुड्याची होडीशी बांधलेली हवेची नळी सुटली. माणूस माशासारखा आडवा, मोकळा पोहू लागला. १९६३ मध्ये ‘निकॉनॉस’ हा पाण्यात थेट नेता येणारा कॅमेरा बाजारात आला. आज तर जलरोधक डबीत ठेवलेला मोबाईलसुद्धा उथळ पाण्यात काम देतो. यंत्राची अडचण पुष्कळ अंशी संपली आहे. पाहणाऱ्याची अडचण तेवढी शिल्लक आहे.

थांबणाऱ्याला काय दिसते

प्रवाळाच्या खडकावर काही ठराविक जागा असतात. तेथे बोटभर लांबीचा, निळा-काळा पट्टा असलेला एक मासा राहतो. त्याला सफाई मासा म्हणू. मोठे मासे त्याच्यापाशी येऊन जणू रांग लावतात, तोंड आणि कल्ले उघडून स्तब्ध राहतात, आणि हा छोटा मासा त्यांच्या दातांमधून, कल्ल्यांमधून परजीवी टिपून खातो. एरवी ज्याला एका घासात गिळता येईल, त्याला मोठा मासा तोंडात फिरू देतो. अभ्यासकांना याहून नवलाची गोष्ट दिसली. सफाई माशाला परजीवींपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर अधिक आवडतो, आणि संधी मिळाली तर तो त्याचाच चावा घेतो. मात्र दुसरे गिऱ्हाईक पाहत असेल तर तो अधिक प्रामाणिकपणे काम करतो. आपल्याकडे कोणी पाहत आहे याची जाणीव एवढ्याशा माशाच्या वागण्यातही फरक पाडते. मग सहा फुटी पाणबुड्या अंगावर येऊन पाहू लागला तर काय होत असेल?

वाळूच्या तळावर आणखी एक जोडी आढळते. एक कोळंबी आणि एक गोबी जातीचा मासा एकाच बिळात राहतात. कोळंबीची दृष्टी अगदी मंद. पण ती दिवसभर बीळ उकरते, वाळू बाहेर लोटते. मासा दाराशी पहारा देतो. बाहेर आलेली कोळंबी आपली एक मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी थरथरवतो आणि कोळंबी आत जाते. धोका फार जवळ आला तर दोघेही बिळात दिसेनासे होतात. घाईने आलेल्या माणसाला येथे फक्त वाळूतले एक भोक दिसते. तोच माणूस काही अंतरावर श्वास संथ ठेवून थांबला, तर काही मिनिटांनी आधी माशाचे डोके आणि मग वाळूचा डोंगर लोटीत येणारी कोळंबी दिसते.

ऑक्टोपसची कथा तर प्रसिद्ध आहे. तीन हृदये, निळे रक्त, आणि क्षणार्धात रंग व त्वचेचा पोत बदलण्याची शक्ती. इंडोनेशियाच्या समुद्रात काही संशोधकांनी पाचशेहून अधिक तास पाण्याखाली घालवून एक विलक्षण वर्तन नोंदवले. एका जातीचे ऑक्टोपस समुद्रतळावर पडलेल्या नारळाच्या करवंट्या धुऊन-झाडून पोटाखाली धरतात, भुजांच्या टोकांवर उभे राहून अवघडल्यासारखे चालत त्या दूर नेतात, आणि उघड्या जागेवर संकट आले की दोन करवंट्या एकमेकींवर लावून आत बसतात. पुढे लागेल म्हणून वस्तू आज सोबत वाहून नेणे, ही दूरदृष्टी अपृष्ठवंशी प्राण्यात असेल असे फारसे कोणी मानले नव्हते. २००९ साली ही निरीक्षणे प्रसिद्ध झाली. त्या ऑक्टोपसला डिवचले असते तर शाईचा एक ढग तेवढा मिळाला असता.

या जिवांचे खरे वर्तन न्याहाळायचे तर पाहणाऱ्याला आधी स्वतःचे वर्तन सांभाळावे लागते. पाणबुड्याला सर्वप्रथम तरंगण्याचा तोल शिकवतात : तळाला पाय न लावता, वर न उसळता, जागच्या जागी राहणे. श्वास घेतला की शरीर किंचित वर येते, सोडला की किंचित खाली जाते. श्वास रोखायचा नाही. वर येताना तर कधीच नाही, कारण पाण्याचा दाब कमी होताच फुप्फुसांतील हवा प्रसरण पावते. जो तोल साधतो त्याचे पाय प्रवाळाला लागत नाहीत, वाळू उडत नाही, पाणी गढूळ होत नाही. चांगल्या छायाचित्राची आणि निरुपद्रवी पाहण्याची पूर्वअट एकच आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

चित्र खरे, अर्थ खोटा

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण समजतो. पण त्याचा अर्थ आपणच लावतो, आणि तेथे चूक होते.

खडकाच्या फटीतून डोके काढून, जबडा उघडून दात दाखवणाऱ्या मोरे ईलची चित्रे सर्वांनी पाहिली असतील. ती पाहून हा प्राणी क्रूर असल्याचे मनावर ठसते. वस्तुतः तो श्वास घेत असतो. कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवण्यासाठी त्याला तोंड सतत उघडावे-मिटावे लागते. डॉल्फिनचे हसू हीही त्याच्या जबड्याची ठेवण आहे. तो दुःखात असतानाही तसाच दिसतो.

माझ्या केंड माशाचे तेच झाले. तो ‘गमतीशीर’ दिसतो म्हणून मी ते चित्र टांगले. नंतर वाचनात आले, ते असे. केंड हा संथ पोहणारा मासा आहे. शत्रूपासून पळता येत नाही, म्हणून तो भराभर पाणी गिळून जठर फुगवतो आणि गिळण्यास अवघड होतो. त्याच्या अनेक जातींच्या शरीरात टेट्रोडोटॉक्सिन हे जहाल विष असते. परंतु फुगणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो स्वस्त नाही. ऑस्ट्रेलियातील प्रवाळ-समुद्रात एका लहान जातीवर २०१४ साली झालेल्या अभ्यासात आढळले, की फुगलेल्या अवस्थेत माशाला नेहमीच्या सुमारे पाचपट प्राणवायू लागतो, आणि त्यानंतर शरीर पूर्वपदावर यायला सरासरी पाच तासांहून अधिक वेळ जातो. ते माझे एक ‘क्लिक’ त्या माशाला कितीला पडले असेल, याचा अंदाज या आकड्यांवरून येतो.

त्या दिवशी मला पाण्यात नेणाऱ्या तरुणाने तो मासा आपणहून पकडला नव्हता. “जरा फुगवून दाखवता येईल का?” असे मीच विचारले होते. चित्रातील ओंजळ त्याची आहे. इच्छा माझी होती.

दुसरे छायाचित्र

याच कुळातील दुसऱ्या एका माशाचे छायाचित्र मी नंतर पाहिले. खरे तर त्यात मासा शोधावाच लागतो. दिसते ते समुद्रतळावरच्या वाळूत कोरलेले सुमारे दोन मीटर व्यासाचे वर्तुळ. केंद्रापासून कडेपर्यंत किरणांसारखे वरंबे आणि त्यांच्यामधल्या सऱ्या. एखाद्या कसबी हाताने दारासमोर रांगोळी रेखावी, तसे.

जपानच्या दक्षिणेकडील अमामी ओशिमा बेटाजवळ पाणबुड्यांना अशी वर्तुळे १९९५ च्या सुमारास दिसू लागली. ती कोण काढते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोडे सुटायला सोळा-सतरा वर्षे लागली. योजी ओकाता हे पाण्याखालील छायाचित्रकार आणि त्यांच्यासोबतचे अभ्यासक यांनी अखेर कारागिराला काम करताना पाहिले. तो होता वीतभरही लांब नसलेला एक नर केंड मासा. २०१३ साली या निरीक्षणांवर शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि २०१४ मध्ये ही स्वतंत्र, नवी जाती असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

हा नर सात ते नऊ दिवस राबतो. पोट वाळूला टेकवून, पर आणि शेपटी हलवीत तो बाहेरून केंद्राकडे पुन्हा पुन्हा पोहतो आणि एकेक सरी कोरतो. वरंब्यांवर तो शिंपल्यांचे तुकडे आणून ठेवतो. सऱ्यांच्या रचनेमुळे बारीक वाळू मधोमध जमते आणि तेथील पाण्याचा वेगही मंदावतो. मादी येते, ती त्या मऊ वाळूत अंडी घालून निघून जाते. नर अंडी फुटेपर्यंत तेथेच पहारा देतो. त्या दिवसांत प्रवाह वर्तुळ हळूहळू पुसून टाकतो. पुढच्या खेपेला जुने वर्तुळ दुरुस्त न करता तो नवी जागा शोधून पहिल्यापासून सुरुवात करतो.

त्या माशाला कोणी पकडले असते तर तोही फुगला असता. छायाचित्रही मिळाले असते, अगदी माझ्यासारखे. केंड फुगतो हे जगाला आधीच ठाऊक होते. ते आणखी एकदा कळले असते. वर्तुळ मात्र कळले नसते. एकाच कुळातील माशाची ही दोन चित्रे : एकात मासा माणसाला काय उत्तर देतो ते दिसते, दुसऱ्यात माणूस आड न आल्यास तो काय करतो ते दिसते.

आपल्या किनाऱ्यावर

जपान दूर राहिले. मालवण आपले आहे. १६६४ साली ज्याची उभारणी सुरू झाली त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाभोवती, उथळ पाण्यात प्रवाळ आहे. १९८७ साली या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटरचे क्षेत्र मालवण सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. दिवाळीनंतर पाणी निवळते तेव्हा पोपटमासे प्रवाळ कुरतडताना आणि फुलपाखरू मासे जोडीने फिरताना तेथे तरंगत पाहता येतात. पावसाळ्यात नद्या गाळ आणतात, समुद्र खवळतो आणि हे काम थांबते. भुशीला जेव्हा पाण्याचा हंगाम असतो तेव्हा मालवणला तो नसतो. किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, पाण्याखाली, आंग्रिया बँक नावाचे विस्तीर्ण पठार आहे. कान्होजी आंग्रे यांचे नाव लाभलेल्या या पठारावरील प्रवाळाची पुष्कळशी ओळख जगाला पाणबुड्यांनी आणलेल्या छायाचित्रांतूनच झाली.

त्यासाठी खोल जायलाच हवे असेही नाही. मुंबईत २०१७ साली सुरू झालेल्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमाने ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांकडे वाकून पाहायला लोकांना शिकवले. गिरगाव, हाजी अली, जुहू अशा गजबजलेल्या किनाऱ्यांवर समुद्रफुले, ऑक्टोपस, रंगीबेरंगी समुद्री गोगलगायी आणि प्रवाळसुद्धा आहेत, हे सामान्य माणसांनी साध्या कॅमेऱ्याने दाखवून दिले. जेथे ‘काहीच नाही’ असे मानले जात होते, तेथे काय आहे याचा पुरावा तयार झाला. किनाऱ्यावर बांधकाम करताना कोणाचे घर मोडते, हा प्रश्न विचारण्यासाठी आधी ते घर दिसावे लागते.

या साऱ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती लपवून चालणार नाही. प्रवाळ हा दगड नसून असंख्य सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर एक पाय पडला तर कित्येक वर्षांची वाढ मोडते. पाणी फार तापले की प्रवाळ आपल्या पेशींतील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. अशा दुबळ्या अवस्थेत तर त्याला माणसाचा स्पर्शही नको असतो. दगडी प्रवाळ, समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्या यांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. तरीही छायाचित्रासाठी तारामासा पाण्याबाहेर धरणे, माशांचा घोळका जमावा म्हणून पाव चुरून टाकणे, प्रवाळावर उभे राहून चित्र काढून घेणे, हे चालते. ते थांबवण्याची जबाबदारी केवळ होडीवाल्याची नाही. त्याचे पोट पर्यटकांच्या मागणीवर आहे. मागणी आपण करतो.

आणि स्थानिकांच्या नजरेतून पाहिले तर केंड हा काही केवळ कलावंत मासा नाही. अलीकडच्या काही वर्षांत सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर केंड माशांच्या झुंडी जाळी कुरतडतात, जाळ्यातली मासळी फस्त करतात आणि मच्छीमारांचे मोठे नुकसान करतात. त्याचे दात चार मजबूत पट्ट्यांसारखे असतात. नायलॉनचा धागा त्यांच्यापुढे टिकत नाही. ज्याचे जाळे फाटले त्याला केंडाच्या वर्तुळाचे कौतुक सांगणे उद्धटपणाचे ठरेल. परंतु या झुंडी का वाढल्या, कोणत्या दिवसांत येतात, कशामागे येतात, हे कळायचे असेल तर तेथेही निरीक्षणाला पर्याय नाही. ज्याच्यावर राग आहे त्यालाही नीट पाहावेच लागते.

भिंतीवरची चौकट

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिला उत्तर द्यायला मला दोन आठवडे लागले. एके दिवशी वर्गात मी सांगितले, “तो मासा मला घाबरला होता. त्याला पकडायला मीच सांगितले होते.” मुले हसतील असे वाटले होते, कोणी हसले नाही. एका मुलाने विचारले, “मग सर, ते चित्र काढून टाकायचे का?” बरीच चर्चा झाली. काढू नये, असे वर्गानेच ठरवले. त्याच्या शेजारी वाळूतल्या वर्तुळाचे छापील चित्र लावले गेले, आणि माझ्या चित्राखालची ‘केंड मासा, कोकण किनारा’ ही जुनी चिठ्ठी बदलली. नवी चिठ्ठी त्या मुलीच्या अक्षरात आहे : ‘घाबरलेला केंड मासा. छायाचित्रासाठी त्याला पकडले होते.’

त्यानंतर आम्ही एक साधा पाठ सुरू केला. पावसाचा जोर ओसरला की, शिक्षकांच्या सोबतीने आणि पाण्यात न उतरता, मुले शाळेजवळच्या ओढ्याकाठी वीस मिनिटे बसतात. हातात वही-पेन्सिल, दुसरे काही नाही. पहिली पाच मिनिटे काहीच दिसत नाही, मुले चुळबुळतात. मग दगडाखालून खेकडा डोकावतो. पाण्याच्या कडेला बोटाएवढे मासे परततात. पानकिडे पुन्हा फिरू लागतात. जे आपल्या पावलांच्या आवाजाने थांबले होते, ते सारे सुरू होते. मुले वहीत लिहितात, ‘खेकडा आधी एक नांगी बाहेर काढतो’, ‘मोठा मासा सावलीत राहतो’. या नोंदी लहान असतील. पण त्या खऱ्या आहेत, आणि त्यांच्यासाठी कोणाला त्रास झालेला नाही.

आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आज मुंबई-पुण्यात, काही कोकणात, काही परदेशी किनाऱ्यांवर नोकरी-व्यवसाय करीत आहेत. मुलाबाळांना घेऊन ते मालवणला जातील, ओहोटीला जुहूच्या खडकांवर चालतील. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशात आहे. एवढीच विनंती, की चित्र घेण्यापूर्वी थोडे थांबावे, आणि पाण्याखाली जायचेच असेल तर प्रशिक्षित माणसाच्या सोबतीनेच जावे. मासा आपल्याला पाहून काय करतो ते टिपून झाले असेल, तर आणखी दहा मिनिटे राहावे आणि आपल्याला विसरल्यावर तो काय करतो ते पाहावे. त्यातले एखादे चित्र शाळेला पाठवले तर प्रयोगशाळेच्या भिंतीवर जागा आहे. सोबत चिठ्ठीवर एवढे मात्र लिहावे : चित्र कोठे घेतले, केव्हा घेतले, आणि ते घेताना आपण काय करीत होतो.